शेवंतीचं कुंकू

"पाय दे बघू," सुलभावहिनी म्हणाल्या, आणि शेवंतीने खरोखर पुढचा पंजा उचलून त्यांच्या हातात दिला. वहिनींनी त्या पंजावर चमचाभर दही ठेवलं. ठेवायचा अवकाश, शेवंतीने ते चाटून साफ करून टाकलं आणि आणखी आहे का म्हणून डब्याकडे बघितलं.

अत्तरदे सर रिक्षातून शेवंतीचं सामान उतरवता उतरवता हसले. "अगं, प्रवासाला आपण निघालोय. ती नाही."

"तीपण घर सोडून आलीय ना? मग तिला परत घरी यायला नको का?" वहिनींनी पिशवीतून छोटा करंडा काढला आणि शेवंतीच्या पांढऱ्या कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू लावलं. बोट तिच्याच अंगाला पुसलं. मग मला म्हणाल्या, "मंदाताई, हसू नका हं. मी माहेराहून निघाले की माझी आई करायची असं."

मी हसत नव्हते. म्हणजे थोडी हसत होते, पण मनात. माझ्याकडे सांभाळायला येणाऱ्या कुत्र्यांचे मालक काय काय करतात ते बघून माझं हसू केव्हाच आटलं होतं. एका बाईंनी लॅब्राडॉरच्या गळ्यात ताईत बांधून आणला होता. एक साहेब रोज रात्री आठला फोन करून कुत्र्याच्या कानाला मोबाइल लावायला सांगायचे. त्या मानाने दही-कुंकू म्हणजे काहीच नाही.

मे महिना होता. जळगावचा मे, म्हणजे सकाळी नऊलाच अंगणातली फरशी चटके द्यायला लागते. सर शाळेत भूगोल शिकवायचे, रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी हे पांढरंशुभ्र, केसाळ, कापसाच्या गोळ्यासारखं पिल्लू त्यांच्या पदरात टाकलं. वहिनींनी नाव ठेवलं शेवंती. आता वहिनींच्या हृदयाची झडप बदलायची होती, मुंबईला, गुरुवारी. जायचं-यायचं धरून तीन आठवडे तरी लागणार होते. तोवर शेवंती माझ्याकडे.

"ताई, एकच मागणं आहे," वहिनींनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचे तळहात थंड होते, एवढ्या उन्हात. "रोज हिचा एक फोटो पाठवाल ना? मला भीती वाटते हो आत जायची. हिला बघून गेले की बरं वाटेल."

"रोज पाठवेन. एक दिवस चुकणार नाही," मी म्हटलं.

आणि तो शब्द मी पाळला. एक दिवसही चुकला नाही.

तेव्हा मला कुत्री सांभाळायला लागून चार वर्षं झाली होती. आमचे हे भुसावळला रेल्वेत, रोजचं जाणं-येणं. मुलगी लग्न होऊन गेली होती. घर मोठं, मागे अंगण, कडुनिंब. मी कामाला चोख होते, उगाच विनय कशाला? आलेल्या प्रत्येक कुत्र्याची वहीत नोंद करायचे. काय खातो, कशाला घाबरतो, डॉक्टर कोण, ऑपरेशन झालंय का, कुत्री असेल तर माजावर कधी आली होती, सगळं. दोन कुत्री एका खोलीत कधी जेवायला बसवायचे नाही, कारण एरवी मित्र असलेली कुत्री ताटावरून एकमेकांचे कान फाडतात. फाटकं दोन, आणि आतलं लावल्याशिवाय बाहेरचं उघडायचं नाही. आणि मालकाचं एखादं न धुतलेलं कापड सोबत आणायला लावायचे. त्या वासावर कुत्रं झोपतं. ते कापड मी कधी धुवायचे नाही, कितीही मळलं तरी. परत जाईल तेव्हा जसंच्या तसं.

शेवंतीसोबत वहिनींच्या जुन्या पांढऱ्या सुती पातळाचा तुकडा आला होता.

आता ती फोटोंची गोष्ट सांगते. लपवून काय करणार.

कुत्रं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरतं. पहिल्या दिवशी नवलाई असते, सगळीकडे हुंगत फिरतं. मग त्याच्या लक्षात येतं की आपली माणसं गेली. मग खाणं सोडतं, दाराशी तोंड करून बसतं, डोळे पडतात. चार-सहा दिवसांनी आपोआप रुळतं. हे सगळ्यांचंच होतं, पण मालकाला हे पटत नाही. एका डॉबरमनचा मी असाच तिसऱ्या दिवशीचा खरा फोटो पाठवला होता, तर मालक सख्ख्या पुतण्याचं लग्न टाकून इंदूरहून गाडी मारत आला. आल्या आल्या मला वाट्टेल ते बोलला. कुत्रं तर ठणठणीत होतं!

तेव्हापासून मी एक युक्ती काढली. पहिल्याच दिवशी, कुत्रं आंघोळ करून, विंचरून ताजंतवानं आलेलं असतं तेव्हाच सात फोटो काढून ठेवायचे. एक हॉलमध्ये, एक निळ्या सतरंजीवर, एक कूलरसमोर, एक चेंडू घेऊन, एक जेवणाच्या भांड्यापाशी, एक कडुनिंबाखाली, एक खिडकीत. मग रोज एक पाठवायचा. आठवडा गेला की कुत्रं रुळलेलं असतं, पुढचे खरे फोटो छान येतात. मालक निर्धास्त, मी निवांत. चार वर्षांत कुणाला पत्ता लागला नाही.

त्या रविवारी दुपारी शेवंतीचे सात फोटो काढले. गुणी कुत्री. जिथे बस म्हटलं तिथे बसली, कान टवकारले, जीभ बाहेर काढून हसल्यासारखं केलं. कपाळावर ते लालबुंद कुंकू. हॉलमधला लगेच सरांना पाठवला. एवढी गोड दिसत होती की मी ह्यांनाही दाखवले फोटो.

हे जेवत होते. "उद्याचं आज कशाला काढून ठेवतेस?" म्हणाले.

"तुम्ही तुमच्या गाड्या बघा. माझं मला कळतं."

संध्याकाळी ती सतरंजीवर तोंड घासायला लागली. मागे एका कुत्र्याच्या डोळ्यात गुलाल जाऊन डोळा लाल झाला होता, डॉक्टरकडे धावावं लागलं होतं. पुन्हा ते नको म्हणून मी तो पातळाचा तुकडा एका टोकाला ओला केला आणि तिच्या कपाळावरचं कुंकू नीट पुसून काढलं. दुसरं काही हाताशी नव्हतं. तुकड्यावर लाल डाग पडला. धुवायचा नाही, म्हणून तसाच टोपलीत ठेवला.

सोमवारी शेवंतीने भाकरी-दुधाला तोंड लावलं नाही. मी वहीत लिहिलं, 'उपास, पहिला दिवस.' निळ्या सतरंजीवरचा फोटो पाठवला. सरांचं उत्तर आलं, वहिनी खूश आहेत, तपासण्या सुरू झाल्या.

पाणी मात्र खूप पीत होती. भांडं भरून ठेवलं की रिकामं. बाहेर पंचेचाळीस डिग्री. त्या उन्हात माणसं माठच्या माठ रिचवत होती, तर अंगावर एवढे केस असलेल्या जनावराचं काय! कूलर तिच्याकडे वळवून ठेवला.

मंगळवारी सकाळी एकदा पिवळं पाणी ओकली. रिकाम्या पोटी पित्त झालं असेल, असं मी धरलं. दहीभात कालवला, बोटाने तिच्या ओठांना लावला. वहिनींच्या हातचं दही चाटलं तसं चाटेल असं वाटलं होतं. तिने तोंड फिरवलं. उठून मोरीत गेली आणि ओल्या फरशीवर अंग टाकलं. मी चेंडूचा फोटो पाठवला.

बुधवारी ती मोरीतून उठलीच नाही.

मी मोरीत तिच्याशेजारी बसले. हाक मारली की शेपटीचं टोक हलायचं, तेवढंच. केसाळ कुत्र्याचं पोट डोळ्यांना दिसत नाही, हात घालून बघावं लागतं. मी हात घातला. पोट तट्ट लागलं. तीन दिवस पोटात अन्नाचा कण नाही आणि पोट फुगलेलं! रुसवा वेगळा आणि हे वेगळं, हे मला त्या क्षणी कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी पुढे खूप वर्षं स्वतःला सांगितलं, पण कळलं होतं.

वहीत सरांच्या डॉक्टरांचा नंबर होता. पण मालकाला विचारल्याशिवाय डॉक्टरकडे न्यायचं नाही हाही माझाच नियम. दुपारी चार वाजता सरांना फोन लावला.

"हं, बोला ताई," मागे दवाखान्यातला गलका ऐकू येत होता. "उद्या सकाळी पहिलाच नंबर लागलाय हिचा. काय म्हणतेय आमची शेवंती?"

"सर, ती खात नाहीये. आज तिसरा दिवस. आणि जरा मलूल वाटते. डॉक्टरांना दाखवू का?"

सरांनी विचारलं, "मलूल म्हणजे? काल तर चेंडू घेऊन बसली होती."

मी मोरीच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

"असं करा ताई," ते म्हणाले, "आत्ताचा फोटो पाठवा. आत्ता आहे तसा. बघून सांगतो. तिचा चेहरा बघितला की मला कळतं. नऊ वर्षं बघतोय."

"पाठवते," म्हणून मी फोन ठेवला.

आणि मी काढला तो फोटो. शपथेवर सांगते, काढला. मोरीची फरशी, त्यावर पसरलेली शेवंती. डोळे अर्धे मिटलेले, केसांच्या बटा झालेल्या, जीभ एका बाजूला लोंबलेली. कपाळ मोकळं. मी तो फोटो बघितला आणि माझ्या डोळ्यांपुढे आलं की हा बघून सर काय म्हणतील. काल चेंडू खेळत होती आणि आज ही दशा? मग ते कालचा फोटो पुन्हा बघतील, परवाचा बघतील. चार वर्षांत कुणाला कळलं नाही ते सरांना कळेल. आणि वहिनी शेजारीच बसलेल्या, उद्या सकाळी त्यांची छाती उघडणार. त्यांनी हा फोटो बघितला तर?

पुढे ह्यांना आणि स्वतःलाही मी वहिनींचंच कारण दिलं. पण खोटं कशाला बोलू, आधी माझ्या मनात माझंच नाव आलं होतं. वहिनी नंतर आल्या.

मी तो फोटो पुसून टाकला आणि कूलरसमोरचा पाठवला.

दोन मिनिटांत सरांचा फोन. आवाज एकदम मोकळा झालेला. "अहो ताई, घाबरवलंत ना मला! ही तर मस्त आहे. डोळे बघा कसे टवटवीत. ही नाटकी आहे हो. मागे आम्ही दोन दिवस नाशिकला गेलो होतो, तेव्हा शेजाऱ्यांकडे असंच केलं हिने."

"पण सर, पोट जरा..."

"थांबा थांबा, ही काय म्हणते बघा." फोन हातातून हातात गेल्याचा आवाज झाला.

"मंदाताई!" वहिनी. दम लागत होता बोलताना, पण हसत होत्या. "अहो, माझं कुंकू बघितलंत का? अजून तस्संच आहे की तिच्या कपाळावर! चार दिवस झाले. जरासुद्धा पुसलं नाही. मी ह्यांना म्हटलं, हा शुभशकून आहे. आता मला उद्याची भीती नाही."

पायाशी शेवंतीने वहिनींचा आवाज ओळखला असावा. तिने मान उचलायचा प्रयत्न केला.

"हो वहिनी," मी म्हटलं. "आहे."

पुन्हा सर आले. "डॉक्टरकडे नका नेऊ उगाच. तिथे तिचं धाबं दणाणतं. मागच्या वेळी इंजेक्शन दिलं तर दोन दिवस कपाटाखालून बाहेर आली नाही. थांबा दोन दिवस. भूक लागली की झक मारत खाईल."

"बरं," मी म्हटलं.

थांबा म्हणाले आणि मी थांबले. ते थांबा का म्हणाले हे मला माहीत होतं, आणि तरी थांबले. फक्त एवढंच म्हणायचं होतं, सर, तो फोटो रविवारचा आहे. एक वाक्य. फोन ठेवल्यानंतरही म्हणता आलं असतं. संध्याकाळभर म्हणता आलं असतं.

गुरुवारी सकाळी साडेसातला सरांचा निरोप आला, हिला आत नेतायत, फोटो पाठवा. मी कडुनिंबाखालचा पाठवला. शेवंती तेव्हा मोरीत होती आणि तिचा श्वास भात्यासारखा चालला होता.

आठ वाजता मी सगळे नियम गुंडाळून ठेवले. तिला चादरीत घेतलं, कोपऱ्यावरून रिक्षा पकडली आणि सरांचे डॉक्टर लांब म्हणून जवळच्याच दवाखान्याच्या दारात, तो उघडायच्या आधीच, जाऊन बसले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी हिरड्या बघितल्या, पोटावर हात ठेवला आणि वर बघितलं.

"माजावर कधी आली होती?"

मला वही उघडायचीही गरज पडली नाही. रविवारी वहिनींनी सांगितलं होतं, मीच लिहिलं होतं. "महिना-सव्वा महिना झाला."

"ऑपरेशन केलेलं नाही?"

"नाही."

"पाणी खूप पीत होती?"

"हो. मला वाटलं, उन्हामुळे."

"गर्भाशयात पू भरलाय," डॉक्टर सलाईनची सुई शोधत म्हणाले. "या वयाच्या कुत्र्यांना होतं, माज येऊन गेल्यावर. पाणी खूप पितात, खात नाहीत, पोट फुगतं. आता अंगात भिनलंय सगळं. काल का नाही आणलंत?"

"काल आणलं असतं तर?"

"काल संध्याकाळपर्यंतसुद्धा आणलं असतं तरी मी पोट उघडून काढलं असतं. वाचतात बऱ्याच. आता मी उघडलं तर टेबलावरच जाईल. सलाईन लावतो, जरा सावरली तर बघू."

ती सावरली नाही. अकराला ती गेली. शेवटपर्यंत शुद्धीवर होती. दारात पावलं वाजली की कान हलवायची. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, पण ती माझी वाट बघत नव्हती.

त्याच वेळी मोबाइल वाजला. सरांचा निरोप होता. ऑपरेशन छान झालं, डॉक्टर म्हणाले चिंता नको.

त्या उन्हात ठेवणार किती वेळ? मी ह्यांना फोन केला, ते अर्धी ड्युटी टाकून आले. आम्ही दोघांनी कडुनिंबाखाली खड्डा खणला. मीठ टाकलं, माती लोटली, वर फरशीचा एक तुकडा ठेवला.

संध्याकाळी सहाला पुन्हा निरोप आला. 'हिला शुद्ध आली. पहिलं काय विचारलं असेल? शेवंतीचा संध्याकाळचा फोटो मागतेय. पाठवाल?'

हे समोर बसले होते. मी मोबाइलमध्ये फोटो शोधायला लागले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. "मंदा," ते म्हणाले, "आता काय पाठवतेस?"

"आत्ताच छाती शिवलीय त्यांची. आत्ता सांगू?"

"नको सांगू. पण पाठवू तरी नकोस."

मी खिडकीतला पाठवला. मान तिरकी करून बसलेली शेवंती, कपाळावर कुंकू. हे उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. त्या दिवशी आमच्या घरी कुणी जेवलं नाही.

सातातला एक फोटो उरला होता, जेवणाच्या भांड्यापाशीचा. शुक्रवारी सकाळी तो पाठवायला हात उचलला, पण अंगठा पुढे जाईना. मी सरांना फोन केला आणि सांगितलं की शेवंती आज पहाटे गेली. अचानक. झोपेतच. काहीच कळलं नाही.

सर म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात डॉक्टरला दाखवू का. मीच थांबा म्हणालो."

"तसं नका म्हणू सर."

"मीच म्हणालो," ते पुन्हा म्हणाले. "हिला सांगू नका. घरी गेल्यावर मी सांगेन."

ते परत आले त्याला पुढे तीन आठवडे लागले. त्या दिवसांत सरांचे चार-पाच फोन आले, आणि प्रत्येक वेळी तेच. माझंच चुकलं हो. नऊ वर्षं मला तिचा चेहरा कळायचा आणि नेमका त्या दिवशी कळला नाही. वय झालं, नजर गेली माझी. मी प्रत्येक वेळी म्हणायचे, नशीब असतं सर एकेकाचं. खोटं बोलणं सोपं असतं, पण दुसऱ्याने स्वतःला दोष लावून घ्यायचा आणि आपण त्याची समजूत काढायची, ते काय असतं ते मला विचारा. माझं अन्न गोड लागत नव्हतं. आणि तरीही फोन ठेवताना जीव भांड्यात पडायचा, की सरांना कळलेलं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सर आले, एकटेच. खूप वाळले होते. मी पाणी दिलं. ते आधी अंगणात गेले, फरशीच्या तुकड्यापाशी उभे राहिले. खाली वाकून त्यावरची सुकलेली पानं बाजूला केली आणि आत येऊन बसले.

"वहिनी कशा आहेत?"

"बरी आहे. काल सांगितलं तिला. मला वाटलं फार त्रास करून घेईल. रडली. पण मग म्हणाली, शेवटपर्यंत माझं कुंकू होतं ना तिच्या कपाळावर, सगळ्या फोटोंमध्ये आहे. माझ्यावरचं तिने स्वतःवर घेतलं, म्हणाली." सर घोटभर पाणी प्यायले. "तेवढ्यावरच धीर धरून आहे ती. एकदा विचारून या म्हणाली. म्हणून विचारतो. गेली तेव्हा होतं ना कुंकू?"

इथे मला खरं सांगता आलं असतं. सरांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशय नव्हता. मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "होतं सर. तसंच होतं."

"बरं झालं," ते म्हणाले. "तिचं सामान द्या. मी निघतो."

मी टोपली आणली. भांडं, चेंडू, साखळी, ब्रश. सगळं मी पुसून, घासून ठेवलं होतं. एक तो कापडाचा तुकडा तेवढा तसाच होता. मालकाचं कापड मी धुवत नाही. चार वर्षांची सवय, हात तिकडे गेलाच नाही.

सरांनी टोपलीतून तो तुकडा उचलला. नाकाशी नेला. डोळे मिटले. मग मांडीवर पसरला, हाताने सारखा केला, आणि त्यांचा हात थांबला.

एका टोकाला कुंकवाचा डाग होता. आख्ख्या टिळ्याचा, पुसून काढलेला, त्यात तीन-चार पांढरे केस चिकटलेले.

त्यांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा लावला आणि फोटो बघायला लागले. एक एक करून. रविवारचा. सोमवारचा. मंगळवारचा. मी समोर उभी होते. पंखा फिरत होता.

"हे कधी पुसलंत?"

मी टोपलीतला चेंडू उचलून पुन्हा ठेवला.

"ताई, विचारतोय मी. कुंकू कधी पुसलं?"

"रविवारी," मी म्हटलं. "संध्याकाळी."

सरांनी मान हलवली. वर्गात एखाद्या पोराने अखेर बरोबर उत्तर दिल्यावर हलवतात तशी. "बुधवारी मी आत्ताचा फोटो मागितला होता."

"हो."

"तो बघून मी थांबा म्हणालो."

"हो सर."

"एवढंच तुमच्या तोंडून ऐकायचं होतं." त्यांनी चष्मा काढला. "वीस दिवस मी झोपलो नाही ताई. तुम्ही फोनवर म्हणायचात, नशीब असतं एकेकाचं."

मी रडायला लागले. पायाच पडणार होते त्यांच्या, पण त्यांनी पाय मागे घेतले. ओरडले असते, शिव्या दिल्या असत्या, दोन कानाखाली ओढल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी त्या तुकड्याची डाग आत जाईल अशी घडी केली, पुन्हा घडी केली, आणि तो सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"हिला हे मी दाखवत नाही," ते म्हणाले. "तुम्हीही काही बोलायचं नाही. कधीच. तिने विचारलं तर तुम्ही मला सांगितलंत तेच सांगायचं. शेवटपर्यंत होतं म्हणून. एवढं तरी नीट सांभाळा."

त्याच महिन्यात मी कुत्री ठेवणं बंद केलं. लोकांना सांगितलं, गुडघे धरलेत.

याला आता आठ वर्षं झाली. वहिनींची प्रकृती छान आहे. दर संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकू असतं आणि मला पहिलं बोलावणं असतं. एका वर्षी गेले नाही, ताप आहे म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी त्या स्वतः वाण घेऊन चालत माझ्याकडे आल्या. त्यानंतर चुकवत नाही. मी गेले की त्या मला मधोमध बसवतात, कपाळाला कुंकू लावतात, आणि दर वर्षी जमलेल्या बायकांना तेच सांगतात. "ह्या मंदाताई. माझी शेवंती ह्यांच्याकडे गेली. कुंकू लेवून गेली हो, ह्यांनी शेवटपर्यंत पुसू दिलं नाही."

बायका माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी तिळगूळ घेते, मान खाली घालते.

सर बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले असतात. माझ्याशी बोलत नाहीत. मी निघाले की तेवढ्यापुरते उठतात, चप्पल घालेपर्यंत दारात उभे राहतात. माझ्या कपाळाकडे एकदा बघतात आणि दार लावून घेतात.